शिरवळची इर्जिक

माझ्या थोरल्या साडूंना बसलेलं पाहिलेला माणूस अख्ख्या साताऱ्यात सापडायचा नाही. फौजेतून सुभेदार होऊन सुटले, पण पायांना काही पेन्शन मिळाली नाही. चहा उभ्यानं, तोही अर्धा. उरलेला कप मग खिडकीत सापडतो. एकदा तर आमच्या देवघरात सापडला. लग्नात अक्षता पडायच्या आत हे आचाऱ्यामागं जाऊन भाताचं शीत दाबून बघतात. एसटी खंबाटकी घाटात अडकली की उतरून चालायला लागतात, आणि मागून गाडी आली की वर कंडक्टरलाच दटावतात, "लय उशीर केला रं!"

अशा माणसाला लेकीनं मोबाइलवर एक वेबसाइट दाखवली. माण तालुक्यातल्या एका मेंढपाळाच्या मुलीला शिरवळला लोकरीच्या गाद्यांचा कारखाना काढायचा होता. बँक तारण मागत होती; मेंढ्या सोडून तिच्याकडं तारण काय असणार! म्हणून ती अनोळखी लोकांकडून थोडं थोडं भांडवल गोळा करत होती. धंदा चालला तर नफ्यात वाटा, बुडाला तर राम राम. मी म्हटलं, "सुभेदार, जपून." तर म्हणाले, "आवं पावणं, ही तर इर्जिक हाय!"

इर्जिक म्हणजे एकाच्या रानात सगळ्यांनी आपापली बैलं घेऊन राबायचं आणि रानवाल्यानं त्यांना जेवू घालायचं. साडूंनी पैसे भरले आणि बैल स्वतःच झाले. दर आठवड्याला शिरवळ! येणाऱ्या टेम्पोची झडती घे, गादी गुडघ्यानं दाबून बघ, कामगार बायकांना रांगेत उभं कर. पोरगी कावली. एकदा मी सोबत होतो, तर मला बाजूला घेऊन म्हणाली, "काका, यांना सांगा ना. पैसे घातले की घरी बसायचं असतं." आता हे मी कुणाला सांगणार!

पुढं तिला एका हॉटेलची मोठी ऑर्डर मिळाली. सोमवारी माल जायचा आणि बायका सगळ्या गावच्या यात्रेला गेलेल्या. पहिलंच मोठं गिऱ्हाईक. ते गेलं असतं तर कारखान्याला कुलूपच. तिनं भांडवलदारांच्या ग्रुपवर बिचकत अडचण कळवली. खाली साडूंचा हुकूम पडला: "रविवारी समद्यांनी शिरवळ. डबा आणू नये."

आणि लोक आले की हो! सांगलीचे दातांचे डॉक्टर आले, फलटणचे निवृत्त मास्तर आले, मिरजेच्या दोघी बहिणी आल्या. पोरगी पांढरीफटक. तिला वाटलं, पैसे परत मागायला आले. साडू गरजले, "पोरी, बघतीस काय? लोकर कुठं हाय?" मग दिवसभर कुणी लोकर पिंजतंय, कुणी भरतंय, कुणी शिवतंय. डॉक्टरांचे टाके सगळ्यांत सरळ. तिचा बाप माणहून बोकड घेऊन आला, अंगणात रस्सा रटरटला, आणि साडूंनी तोही उभ्यानंच भुरकला. सोमवारी माल वेळेवर गेला.

त्यानंतर कारखान्यानं मागं वळून पाहिलं नाही. परवा पुण्याच्या एका बड्या कंपनीनं तो विकत घेतला आणि सगळ्यांचे पैसे नफ्यासकट परत आले. मी कंदी पेढे घेऊन साडूंकडं गेलो, तर ते चक्क खुर्चीत बसलेले.

"आवं, पैसं लय आलं," ते म्हणाले. "पण पावणं, आता शिरवळला कुठल्या नात्यानं जाऊ?"

"दुसरा एखादा धंदा बघू की," मी म्हटलं. "बघू," म्हणाले. तेवढ्यात चहा आला. तो त्यांनी बसूनच प्यायला, अगदी तळापर्यंत.