जिन्याखालचा जमरा

नेपाळात मोठा भूकंप झाला, त्या वर्षीची गोष्ट. कॅनडातल्या हॅमिल्टनच्या हॉस्पिटलच्या लॅबमधून रिटायर होऊन मला चार वर्षं झाली होती आणि यजमानांना जाऊन दोन. एवढ्या घरात मी एकटी नको म्हणून मुलाने व्हँकुव्हरहून फोन करकरून बेसमेंट भाड्याने द्यायला लावलं. जूनमध्ये एक नेपाळी जोडपं राहायला आलं. तो वेअरहाउसमध्ये कामाला होता, ती एका नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्या माणसांचं सगळं करायची. आली तेव्हा तिला चौथा महिना होता. आम्ही हिंदीत बोलायचो. पहिल्या दिवसापासून मी तिची ‘आंटी’ झाले.

घटस्थापनेच्या सकाळी ती वर आली. हातात टर्की भाजायचा फॉइलचा मोठा ट्रे होता.

“आंटी, जिन्याखाली फर्नेसच्या बाजूला हा ठेवू? अंधार हवाय.”

ट्रेमध्ये वाळू होती आणि वाळूत जव पेरलेले. नेपाळी लोकांच्या दशैंची, म्हणजे त्यांच्या दसऱ्याची, ही सुरुवात. जव अंधारात वाढवायचे म्हणजे ते पिवळेधमक उगवतात, त्याला जमरा म्हणायचं. दहाव्या दिवशी घरातल्या मोठ्यांनी लहानांच्या कपाळाला दही-तांदळाचा लाल टीका लावायचा आणि डोक्यावर जमरा ठेवायचा. मी म्हटलं, “अगं, आमच्याकडेही आजच घट बसतात, फक्त आम्ही उजेडात ठेवतो.” तिला फार आनंद झाला. “मग इथे आमचं मोठं माणूस तुम्हीच. यंदा टीका तुम्ही लावायचा.”

तिसऱ्या दिवशी ती कामावर निघाली, तर चेहरा सुजलेला. “डोकं जरा दुखतंय,” म्हणाली. मी तिला खुर्चीत बसवलं आणि यजमानांचं जुनं बीपीचं मशीन काढलं. एकशे साठच्या वर. पुन्हा मोजलं, तेवढंच. मी पस्तीस वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेली डॉक्टर, बाळंतपणाशी माझा संबंध शिकतानाचा. पण आठव्या महिन्यात याचा अर्थ आई-बाळ दोघांच्या जिवाला धोका, हे मला नको इतकं ठाऊक होतं.

तिचा नवरा कामावर होता, म्हणून मीच गाडी काढली. वाटेत तिने मला दोन गोष्टी सांगितल्या. रोज सकाळी अंघोळ करून जमऱ्यावर पाणी शिंपडायचं आणि पुन्हा कापडाने झाकायचं. आणि आईला यातलं काही कळू द्यायचं नाही.

“घर पडल्यापासून आई पत्र्याच्या खोपटात राहते, आंटी. तिला धड झोप नाही. मी हॉस्पिटलात आहे हे कळलं तर ती जेवायची नाही. मी नुसत्या आवाजावर बोलेन, कामावर आहे म्हणेन. पण तिला रोज जमरा बघायचा असतो. तो तुम्ही दाखवाल?”

तिला ॲडमिट करून घेतलं. बाळाला जितके दिवस पोटात ठेवता येईल तितके ठेवू, असं तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कापड उचललं तर नुसती ओली वाळू. हात लावून बघावं तर विटाळेल की काय ही भीती, न लावावं तर चैन नाही. संध्याकाळी एका बाजूला पांढरी टोकं दिसली तेव्हा मी जिन्यावरच बसले. मग रोजचा क्रमच झाला. अंघोळ, ट्रे, आणि लगेच हॉस्पिटलला फोन. कोंब जरा वाकलेले दिसले की तासाभराने पुन्हा फोन करायची. जव आणि रक्तदाब यांचा काडीचा संबंध नाही हे मी स्वतःला बजावत होते, तरी करायचीच.

सकाळी आठ वाजता तिच्या आईचा व्हिडिओ कॉल यायचा. तिकडे तेव्हा संध्याकाळ झालेली असे. त्या वर्षी सीमेवरच्या नाकेबंदीमुळे तिकडे गॅस मिळत नव्हता, त्यामुळे बाईंच्या मागे चुलीचा धूर दिसायचा. त्यांना हिंदी बऱ्यापैकी येत होतं.

“दिदी, लेक कशी आहे?”

“बरी आहे. कामावर गेलीय.”

“आठव्या महिन्यात एवढं काम?”

“बसून करायचं आहे हो.”

सहाव्या दिवशी एका कोपऱ्यात कापसासारखी बुरशी दिसली. मी चमच्याने तो कोपरा खरवडला आणि फोन मुद्दाम तिरका धरला. पण बाईंची नजर पक्की.

“तिथे काय झालं? पाणी जास्त पडतंय, दिदी. हात आखडता घ्या.” मग जरा थांबून, “पण पाणी तुम्ही का घालता? ती का नाही घालत?”

“तिला वाकता येत नाही आता.”

बाई पडद्याजवळ आल्या. माझ्याकडे बघत राहिल्या. मी नेटवर्क खराब आहे असं म्हणून फोन ठेवला आणि ट्रेवर कापड ओढलं.

आठव्या दिवशी सकाळी तिच्या नवऱ्याचा फोन आला. “आंटी, बीपी उतरत नाहीये. ऑपरेशनला नेलं.” तो ठेवतोय तोवर बाईंचा कॉल आला. मी घेतला नाही. पुन्हा वाजला, पुन्हा नाही घेतला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा, पलीकडे आपल्यासारखंच कुणी तरी फोन हातात धरून घाबरलंय, हे मला सहन होईना. मी घेतला. बाईंनी माझा चेहरा बघितला.

“दिदी, खरं सांगा.”

मी सांगितलं. हॉस्पिटल, पाच दिवस, ऑपरेशन, सगळं. त्या काही बोलणार एवढ्यात चित्र गोठलं आणि फोन तुटला. मी परत लावत राहिले, लागेना. अर्धा तास मी स्वयंपाकघर ते जिना अशा येरझाऱ्या घातल्या. एका बाईला अर्धवट बातमी देऊन अंधारात सोडलं होतं मी.

मग नवऱ्याचा फोन आला. मुलगी झाली, दोन किलोलाही कमी. आई ठीक. बाळाला काचेत ठेवलंय, श्वासाला मदत लागतेय.

थोड्या वेळाने बाई शेजारणीच्या फोनवरून आल्या. मी सांगितलं तशा पदरात तोंड घालून रडल्या. डोळे पुसून म्हणाल्या, “पाच दिवस तुम्ही माझ्याशी खोटं बोललात.”

“हो.”

“माझं घर पडताना मी बघितलंय, दिदी. एवढं ऐकायची ताकद आहे माझ्यात.”

मी माफी मागितली, तर त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, “आता त्या दोघांना सोयर आलं. यंदा त्यांना टीका नाही, जमरा नाही.”

मी एकदम खचले. इतके दिवस जिवापाड जपलं ते कुणासाठी?

“पण तुम्हाला कुठे सोयर आहे? आणि लेक परघरची, म्हणून मलाही नाही. तुमचं वय काय?”

“अडुसष्ट.”

“मी चौपन्न. परवा मला टीका तुम्ही लावा.”

दशमीला मी देवाला जमरा वाहिला आणि दही-तांदळात कुंकू कालवलं. पडद्यावर बाईंनी मान खाली घातली. मी बोट पुढे केलं आणि काचेवर त्यांच्या कपाळाच्या जागी लाल ठिपका उमटला. “सुखी राहा,” म्हटलं. पुढचा आशीर्वाद अर्ध्यावरच राहिला, कारण बाळाने रात्री दोनदा श्वास विसरल्यासारखं केलं, असं तिच्या नवऱ्याने सकाळीच कळवलं होतं. बाईंनाही ते मी आधीच सांगितलं होतं.

बाळ घरी आलं ते वीस दिवसांनी, तिहारच्या, म्हणजे त्यांच्या दिवाळीच्या, तोंडावर. ड्राइव्हवेवर पहिलं बर्फ भुरभुरत होतं. वजन दोन किलोच्या वर गेलं होतं, श्वासाची मदत कधीच काढली होती, डॉक्टर निर्धास्त होते. मी नव्हते. काही ना काही निमित्त काढून मी दिवसभर खाली जायची आणि त्या इवल्याशा नाकाखाली बोट धरायची. एका दुपारी मी चौथ्यांदा गेले, तेव्हा बाळाच्या आईने पांघरुणातून डोकं वर काढलं.

“आंटी, ती झोपलीय. तुम्हीही पडा ना जरा इथेच.”

मी तिच्या पलंगाच्या कडेला पडले.