एका मुलीचे दोन धनी

विदुला परवा गेली, आणि मला अजूनही तिचा हेवा वाटतो.

एक दुपार आठवते. सिंगापूरच्या बेडोक भागातला तिचा फ्लॅट, डायनिंग टेबलावर सरंजामशाहीचा धडा. माझी इरा तेव्हा सातवीत होती आणि विदुला तिला हिस्टरी शिकवायची.

मी किचनमधून पोह्यांच्या बश्या घेऊन आले, तर माझी मुलगी फरशीवर गुडघे टेकून बसलेली. हात जोडलेले.
आणि ते जोडलेले हात विदुलाच्या दोन्ही हातांत.

"पोहे गार होतायत," मी म्हटलं.

"थांब गं, शपथ चालू आहे," विदुला म्हणाली.

"आई, वेट ला. आय ॲम बिकमिंग अ व्हॅसल."

युरोपातला नाइट, म्हणजे घोड्यावरून लढणारा सरदार, असाच आपल्या धन्याचा माणूस व्हायचा म्हणे. आपलाच नमस्कार, फक्त समोरच्याच्या हातात ठेवून द्यायचा.

माझ्यापुढे इरा कधी अशी बसली नव्हती.

मग पोहे खाता खाता कंपेअर अँड कॉन्ट्रास्ट. जपान आणि युरोप. दोन्हीकडे जमीन, दोन्हीकडे लढणारे, दोन्हीकडे त्यांच्यासाठी राबणारे शेतकरी. मग फरक कुठे?

युरोपात तो करार होता. धन्याने शब्द मोडला तर नाइट मोकळा. शिवाय दोघांकडून जमीन घेतली तर धनीही दोन.
जपानात करार नाही. समुराईचा धनी एकच, अगदी घरच्या वडीलधाऱ्यासारखा. त्याच्यासाठी मरायचं.

"मला समुराई आवडले," मी म्हटलं.

"तुला पुस्तकातले आवडले. खरे समुराई भर लढाईत बाजू बदलायचे," विदुला म्हणाली.

मी इराला विचारलं, "तू कोण होणार?"

"नाइट," ती म्हणाली. "टू लॉर्ड्स अलाउड."

विदुला पोटभर हसली. मी बश्या उचलल्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. विदुला आणि मी नाशिकच्या कॉन्व्हेंटमध्ये एका बाकावर बसलो. दोघींचे नवरे मरीन इंजिनियर, म्हणून दोघी सिंगापूरला आलो. तिला मूल झालं नाही, आणि तिचा शेखर लवकर गेला.

इरा टॅम्पिनीसच्या आमच्या घरून बसने तिच्याकडे जायची. रिझल्ट, मैत्रिणींची भांडणं, पहिला आवडलेला मुलगा, सगळं आधी विदुमावशीला कळायचं.
मला नंतर. एडिट होऊन.

गेल्या महिन्यात विदुलाचं दुखणं वाढलं, तशी इरा मेलबर्नहून आली. चांगी विमानतळावरून बॅगेसकट थेट बेडोकला. मी इथे डाळिंब्यांची उसळ करून वाट बघत बसलेली.

फोनवर मी बोललेच. ती शांतपणे म्हणाली, "आई, तू ठीक आहेस. ती नाहीये."



हॉस्पिटलमध्ये एकदा आम्ही दोघीच होतो. मी विचारलं, "काय केलंस गं तू माझ्या पोरीला?"

"काही नाही. ती चुकली तरी मला चिडावं लागायचं नाही. मी आई कुठे होते?"
मग दम घेऊन म्हणाली, "चिडते मात्र अगदी तुझ्यासारखी. नर्सला विचार."

मला फार बरं वाटलं. तिला ते कळलं, आणि ती डोळे मिटून हसली.

काल गुरुजींनी विचारलं, "अग्नी कोण देणार?"

"मी," इरा म्हणाली.

"तुमचे आईवडील आहेत ना?"

आहेत. दोघंही तिथेच उभे होतो. आईवडील हयात असताना दुसऱ्या कुणाचं हे करू नये, असं आपल्याकडे मानतात. गुरुजी माझ्याकडे बघायला लागले. इराही. तिच्या बाबांनी मान खाली घातली.

मी नाही म्हटलं असतं तर ती थांबली असती. तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं ते.
ती विचारत होती, आणि मला विचारत होती.

"करू दे तिला," मी म्हटलं.

इराने कापूर लावला. माझ्या मुलीच्या हातचा अग्नी माझ्याआधी विदुलाला मिळाला.

सुखाने जा गं, विदुला.

आता तिने सांगून ठेवलेलं लिहिते.

तिच्या विद्यार्थ्यांनो, भिंतीवरचे नकाशे आणि पुस्तकं तुमची. शनिवारी फ्लॅटवर या, आपसात वाटून घ्या.
कढीपत्त्याची कुंडी शेजारच्या टॅन आजींना. त्या रोज पाणी घालतातच.
शेखरचं घड्याळ त्याच्या पुतण्याला, पुण्याला.
मोत्याच्या कुड्या इराला. तिच्या कानात मीच घालणार आहे.

ती नेहमी पांघरायची त्या हिरव्या शालीबद्दल विदुला काहीच बोलली नव्हती. इराने ती मागितली आहे.
तिला मिळणार नाही. ती मी ठेवून घेतेय.
विदुला आधी माझी होती.