सात मुलं, सात पिल्लं आणि अण्णांचा कद

मी तापट माणूस नाही. हे मी कल्याणात ज्याला त्याला ओरडून सांगितलेलं आहे.

शाळेतले मास्तर माझ्या थोरल्या मुलाला, वामनला, भर वर्गात ‘ढ’ म्हणाले, तेवढ्यावर मी गप्प बसलो असतो. पण ते पुढे म्हणाले, "घराण्याचाच गुण दिसतो." आता आमच्या घराण्यात नजरेत भरण्यासारखा मी एकटाच (मामलेदार कचेरीत कारकून), तेव्हा बाण कोणावर होता हे उघड आहे. मी त्याच दिवशी पाचही मुलगे शाळेतून काढले. तरी राग उरलाच, म्हणून दोघी मुलींनाही शिकायला बसवलं.

"यापुढे सगळी घरीच शिकणार," मी बायकोला सांगितलं.

"शिकवणार कोण?"

"मी."

ती नुसती आत गेली आणि पाट्यावर वाटण वाटायला बसली. त्या दिवशीची चटणी गंधासारखी बारीक झाली होती.

रोज सकाळी कचेरीत जाण्यापूर्वी मी ओसरीवर वर्ग भरवत असे. भूगोल ठीक चालला. घोडं अडलं व्याकरणात. प्रथमा, द्वितीया, तृतीया हा विभक्तींचा साधा क्रम, पण महिनाभर घोकूनही एकालाही येईना. पंचमीनंतर वामन थेट ‘नागपंचमी’ म्हणाला, तेव्हा मी पाटी आपटली. पाटी माझीच होती.

अशातच मुलांनी खाडीकडून एक कुत्री घरी आणली आणि तिने आमच्या लाकडांच्या खोलीत सात पिल्लं घातली.

"उद्याच्या उद्या सगळी बाहेर," मी म्हणालो.

सातही मुलांनी एका सुरात गळा काढला. त्यांनी एका सुरात काही म्हणून दाखवण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे माझं पुढचं बोलणं राहून गेलं. ते राहिलं तशी पिल्लंही राहिली.

पिल्लांची नावं थोरलीने, यमूने ठेवली. सर्वांत आधी जन्मलेलं ते प्रथमा, मग द्वितीया, अशी ओळीने सप्तमीपर्यंत. आई ती संबोधन. पिल्लं अंगणात धावू लागल्यावर यमू मागच्या दारी ताकभाताची परात ठेवून क्रमाने हाका मारायची आणि तीही क्रमाने यायची. जे मला महिन्यात जमलं नाही, ते कुत्र्यांना आठवड्यात जमलं. मला राग आवरेना, पण तो कोणावर काढावा हेही समजेना.

इकडे बायकोने भावाला निरोप धाडला. माझे मेहुणे अण्णा ठाण्याला इंग्रजी शाळेत शिकवतात. वयाने माझ्यापेक्षा मोठे, सोवळ्याओवळ्याला कडक, आणि आवाज असा की ते ठाण्यात रागावले तर डोंबिवलीला कळावं. सकाळच्या आगगाडीने आले ते कपाळाला आठी घेऊनच.

"मुलांची परीक्षा घेतो," ते म्हणाले. "पास झाली तर तुमचं खरं. नापास झाली तर उद्या तुम्ही स्वतः मुलांना घेऊन मास्तरांकडे जायचं आणि हात जोडायचे."

"कबूल," मी म्हणालो. मास्तरांपुढे हात जोडण्यापेक्षा मी खाडी पोहून गेलो असतो. आणि मला पोहता येत नाही.

मी पिल्लं लाकडांच्या खोलीत कोंडली, कडी घातली. अण्णांनी स्नान केलं, जेवणासाठी सोवळ्याचा रेशमी कद नेसला आणि पानं मांडेपर्यंत परीक्षा उरकावी म्हणून ओसरीवर पाट घेऊन बसले. तेवढ्यात चूल विझायला आली. बायको लाकडं आणायला गेली. दोन्ही हातांत लाकडं घेऊन परत आली, त्यामुळे दार उघडंच राहिलं. हे मला मागाहून कळलं. मागाहून मला बरंच कळलं.

भूगोल झाला. अण्णांची आठी थोडी सैल पडली. मग त्यांनी धाकटीला, गोदूला विचारलं, "सांग बाळ, षष्ठीला शेवटी काय असतं?"

"काही नाही मामा," गोदू म्हणाली. "तिचं शेपूट तुटलंय."

अण्णा माझ्याकडे बघायला लागले. मी भिंतीकडे.

"बरं. द्वितीया?"

"ती फार घाण करते," वामनने प्रामाणिकपणे सांगितलं. "काल तर देवघरात."

"सप्तमी कुठे येते?"

"बोलावलं तर इथेही येते," यमू हळूच म्हणाली.

"ही व्याकरणाची थट्टा तुम्ही शिकवलीत?" अण्णा मला म्हणाले. त्यांचा आवाज चढला. "गाढवांनो, ऐका. प्रथमा. द्वितीया. तृतीया..."

तो आवाज मागच्या दारापर्यंतच काय, पारनाक्यापर्यंत गेला असेल. प्रथमा आली. द्वितीया आली. अण्णा डोळे मिटून बोलत होते, त्यामुळे चतुर्थी मांडीवर चढेपर्यंत त्यांना पत्ता लागला नाही. मुलं मात्र कौतुकाने बघत होती. मामांना सगळ्यांची नावं येतात हे त्यांना ठाऊक नव्हतं.

अण्णा ताडकन उठले. पंचमीने कदाचा सोगा धरला. सोवळं मोडलं ते मोडलंच, वर संबोधन येऊन अण्णांसमोर दात दाखवत उभी राहिली. माझं डोकं फिरलं. मी पंचमीच्या तोंडातून सोगा ओढायला धावलो. पंचमी शहाणी, तिने तो सोडून दिला. पण मी इतक्या त्वेषाने ओढत होतो की सोगा माझ्या हातात आला, मी अंगणात पडलो आणि उरलेला कद सावरत अण्णा तुळशीमागे गेले.

म्हणजे कद कुत्र्याने फाडला नाही. मी फाडला.

तेव्हा बायको बाहेर आली. हातात पळी होती. ती ओरडली नाही, म्हणूनच सगळे गप्प झाले, पिल्लंसुद्धा.

"शिकवता तुम्ही दोन घटका," ती मला म्हणाली. "मग उपरणं टाकून कचेरीत जाता. पुढे दिवसभर सात पोरं, सात पिल्लं, चूल आणि मी. तुमच्या रागाचं मी काय करायचं? तो शिजत नाही, वाढता येत नाही. तुमचं ते कर्ता आणि कर्म चालू दे. कर्म माझं, एवढं मला न शिकताही कळतं."

"ताई, माझा कद..." तुळशीमागून अण्णा म्हणाले. धाकट्या बहिणीला ते ताई म्हणाले, यावरून त्यांची अवस्था ओळखावी.

"अण्णा, तू आधी आंघोळ कर. मुलं उद्या शाळेत जातील. पिल्लं राहतील. ती निदान बोलावलं की येतात."

मी अंगणातून उठलो. उत्तर द्यावंसं फार वाटलं. पण खरं सांगायचं तर तिच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून मी हातातला सोगा घडी घालून ओसरीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी मुलींना पलीकडच्या आळीतल्या मुलींच्या शाळेत पोचवून मी पाच मुलग्यांसह मास्तरांपुढे उभा राहिलो. हात जोडले. दात मात्र आवळलेलेच होते.

मास्तर समजूतदारपणे हसले. "मुलं घेतो, नानासाहेब. भर वर्गात काही बोलणार नाही, हेही कबूल. पण माझी एक अट आहे. घरी तुम्ही यांचा अभ्यास घ्यायचा नाही."

हा अपमान घराण्याचा होता. आता मुलंच पेटून उठतील अशा आशेने मी त्यांच्याकडे पाहिलं.

वामन पुढे झाला. मास्तरांच्या पाया पडला आणि अगदी कळवळून म्हणाला, "मास्तर, हे तेवढं नानांकडून लिहून घ्या."