भावाची सही

जीप दारात थांबली तेव्हा माझा धाकटा भाऊ ओसरीवर टोपली विणत बसला होता. रविवार होता. मी बिदरहून, मैलूरच्या माझ्या घरून, निर्ण्याला मायकडं आले होते.

आमच्याकडं खडकातली विहीर सुरुंग लावून फोडतात. सुरुंग उडाला की त्याच्या बारीक वायरचे तुकडे रानभर पडतात, लाल, पिवळे, निळे. ते कुणी फेकून देत नाही. त्याच्या टोपल्या विणतात. लेकीच्या लग्नात भांड्यांसोबत अशी एक टोपली देतात, माझ्याही लग्नात होती. भाऊ विहिरी फोडणाऱ्या ठेकेदाराकडं कामाला, आणि त्याच्यासारखी वीण गावात कुणाची नाही.

दूरच्या एका शहरात त्या आठवड्यात स्फोट झाला होता. सुरुंगाचं काम करणाऱ्यांची चौकशी चालू होती, हे नंतर कळलं. साध्या कपड्यातल्या साहेबानं विचारलं, "ये क्या है?"

"सुरुंगाची वायर साहेब," भाऊ म्हणाला आणि हसला. "आत पोतंभर हाय. दाखवू का?"

दाखवलंच त्यानं. स्वतः पोतं उचलून आणलं. त्याला वाटलं, साहेबाला टोपली पाहिजे.

त्याला जीपमध्ये बसवलं तेव्हा माय म्हणाली, "कामून नेयलाव लेकराला?" जीप निघून गेली.

मी आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली. बी.ए., बी.एड. पोरांना नागरिकशास्त्र शिकवते. अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांत न्यायाधीशासमोर उभं करावं लागतं, हे मी फळ्यावर लिहिलेलं आहे, परीक्षेत विचारलेलं आहे, चुकलेल्यांचे गुण कापलेले आहेत. म्हणून मायला म्हणाले, "भिऊ नको. कायदा हाय."

आमच्या विहारात येणाऱ्या वकिलांना घेऊन मी ठाण्यात गेले. भिंतीवर मोठा बोर्ड होता, अटक झालेल्याचे हक्क, कन्नडमध्ये. मी तो मोठ्यानं वाचला. नातेवाइकाला कळवावं. वकिलाला भेटू द्यावं. डॉक्टरकडून तपासून घ्यावं.

टेबलामागचा हवालदार म्हणाला, "वाचायला येतंय म्हणून ठाण्याची भिंत वाचायला आलीस का अक्का?"

"भिंत तुमची हाय. वाचून तुम्हाला ऐकवायले."

तो हसला. आतून इन्स्पेक्टर आले, ते हसले नाहीत. म्हणाले, "तो बोर्ड अटकेचा आहे. तुमच्या भावाला अटक नाही. चौकशी आहे."

"मग त्याला घरी सोडा."

"चौकशी संपली की."

"कधी संपंल?"

"ते बाहेरून आलेल्या पथकाला विचारा. आमचा संबंध नाही. आम्ही फक्त खोली दिली."

पथकाचा साहेब व्हरांड्यात चहा पीत होता. वकिलांनी त्याला विचारलं, कुणाच्या परवानगीनं ठेवलंय. तो म्हणाला, "वरून हुकूम आहे."

मी म्हणाले, "वर म्हंजे कुठं, साहेब?"

त्यानं कपातून नजर न काढता बोट वर केलं. वर पंखा होता, आणि पंख्याशेजारी एक पाल.

बाहेर आल्यावर वकील हसले. मला हसू आलं नाही. मारणाऱ्याची मला भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती त्या बोटाची बसली. मारणाऱ्याला निदान तोंड असतं. हे बोट कुठंच पोचत नव्हतं. खोली इन्स्पेक्टरची, माणसं पथकाची, हुकूम वरचा. मधे माझा भाऊ, आणि त्याच्याशी कुठवर काय करायचं याची हद्द कुणीच आखलेली नाही. किंवा कुणीतरी आखली होती आणि आम्हाला सांगायची नव्हती. त्यानं नको त्या गोष्टीला हो म्हटलं तर? लहानपणी गुरुजींनी छडी उगारली की हा न केलेल्या खोड्या कबूल करायचा.

तिसऱ्या दिवशी त्याला कोर्टात आणलं. कागदावर अटक त्याच सकाळची दाखवली होती. आधीचे दिवस कुठंच नव्हते. माय बाहेर झाडाखाली बसली, आत यायचं तिचं धाडस झालं नाही.

न्यायाधीश तरुण होते. कन्नडमध्ये विचारलं, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?"

भावाच्या मागं, हातभर अंतरावर, पोलीसच उभे होते.

"इल्ला," भाऊ म्हणाला. नाही.

कारकुनानं कागद पुढं सरकवला, पेन दिलं. भावानं पेनकडं पाहिलं आणि शाईच्या डबीकडं अंगठा नेला.

आमच्या घरात अंगठा बंद आहे. आजा अंगठ्यानंच जगला आणि गेला. भाऊ चौथीत शाळा सोडून बसला, तेव्हा मी त्याला पाटीवर सही शिकवली. ती सही सरळसाधी नाही, खाली वळण घेऊन जाणारी रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. रेशनच्या दुकानात मागं रांग लागली तरी तो ती टिंबं दिल्याशिवाय हलत नाही. माय म्हणायची, "बास की, कलेक्टर हायस का?"

मी उभी राहिले. वकिलांनी माझ्या पदराला धरून खाली ओढलं, पण तोंडातून निघून गेलं, "साहेब, त्याला सही येते! अंगठा कामून लावायलाय ते विचारा."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. भावाला म्हणाले, "हात दाखव."

त्यानं हात मागं नेले.

"दाखव."

उजव्या हाताची बोटं सुजून एकमेकांना चिकटल्यासारखी झाली होती. नखं काळी. त्याच बोटांनी तो रविवारी वीण घालत होता.

"चौकशी कुणी केली?" न्यायाधीशांनी विचारलं. इन्स्पेक्टर म्हणाले, पथकानं. पथकाचं कुणी आलं नव्हतं. सरकारी वकील म्हणाले, मारहाण करायचं सरकारचं धोरण नाही.

"मग हे कुणाचं धोरण, ते सरकारनं सांगावं," न्यायाधीश म्हणाले. त्यांनी भावाला डॉक्टरकडं पाठवलं आणि पोलिसांच्या ताब्यात परत दिलं नाही.

सरकारनं अजून सांगितलेलं नाही.

ठेकेदाराचा परवाना खरा निघाला, वायर वापरून फेकलेली निघाली, भाऊ सुटून घरी आला. त्याच्या आधीच मायनं घरातल्या सगळ्या टोपल्या चुलीत घातल्या होत्या. वरचं रंगीत कवच जळलं, काळा धूर झाला, आणि तारा तशाच राहिल्या. त्या तिनं परसात पुरल्या. आता त्या जागी कोंबडीनं उकरलं तरी ती धावत जाते.

मागच्या आठवड्यात वकील घरी आले. मारहाणीविरुद्ध कोर्टात द्यायचा अर्ज तयार होता. म्हणाले, "नुसतं मारणाऱ्याचं नाव घेऊन भागणार नाही. ज्यानं मोकळीक दिली आणि ज्यानं बघून न बघितल्यासारखं केलं, त्याचं उत्तर सरकारकडून पाहिजे. पण अर्ज याचा पाहिजे. याच्या मर्जीनं."

माय म्हणाली, "नको रे बाबा. गेलं ते गेलं."

भाऊ माझ्याकडं वळला. "अक्का, अंगठा चालंल का?"

"चालंल," मी म्हणाले. खरंच चालला असता.

त्यानं कागद स्वतःकडं ओढला. मग त्यानं मुठीत काठी धरावी तसं पेन धरलं आणि सही करायला घेतली. अक्षरं वाकडी झाली, रेघ मधेच तुटली. दोन टिंबं दिली, पहिलं कागदाला भोक पाडून गेलं.

पेन ठेवून त्यानं विचारलं, "आता ते पुन्हा येतील का गं?"

रस्त्यावरून एक गाडी जात होती. आम्ही चौघंही, वकील धरून, ती पुढं निघून जाईपर्यंत दाराकडं बघत राहिलो.