सतरा नंबरचा अर्ज

लखनौतल्या कपूरथला भागातल्या बाजारात मिठाईच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर जयसिंगांची कचेरी आहे. पाटी इंग्रजीत आहे, पण खालचा मिठाईवाला आणि रिक्षावाले तिला 'नौकरीवाला दफ्तर' म्हणतात. निरनिराळ्या शहरांच्या पालिकांना माणसं शोधून द्यायची, हा तिथला धंदा. सुधीरराव भिरूड तिथे चौदा वर्षं काम करत होते. त्याआधी बावीस वर्षं ते उत्तर प्रदेशात पाणीपुरवठ्याच्या कामावर इंजिनियर होते. गुडघे दुखू लागले, फिरती झेपेना, म्हणून त्यांनी नोकरी सोडली आणि जयसिंगांच्या इथे खुर्चीवर बसायचं काम धरलं.

खुर्चीवरचं असलं तरी ते काम सोपं नव्हतं. अर्ज आला की सुधीरराव आधी त्यावरचं नाव, जात कळेल असं आडनाव, गाव, बापाचं नाव, सगळ्यावर काळी पट्टी चिकटवत आणि कोपऱ्यात लाल पेनानं नंबर घालत. मग तो अर्ज जयसिंग वाचत आणि स्वतः सुधीरराव वाचत. दोघं पन्नासपैकी गुण देत. दोघांच्या गुणांची सरासरी तीस भरली तर माणूस मुलाखतीला जाई. ही पद्धत सुधीररावांनीच घालून दिली होती. जयसिंगांना सुरुवातीला ती पटली नव्हती. "अरे भिरूडजी, नाम देखकर ही तो आदमी समझ में आता है," असं ते म्हणायचे. पण पट्टीआडून निवडलेली माणसं टिकतात, हे दोनचार वर्षांत दिसलं, आणि मग ते काही बोलेनासे झाले.

सुधीररावांची आणखी एक खोड होती. उमेदवारांना मार्क द्यायला बसण्याआधी ते त्या शहरातल्या पालिकेसमोरच्या एखाद्या चहावाल्याला नाहीतर पानवाल्याला फोन लावत. नकाशात पालिका शोधायची, समोरच्या दुकानाचा नंबर बघायचा आणि विचारायचं, भैया, आपके शहर को कैसा आदमी चाहिए? निम्मे लोक फोन ठेवून देत. उरलेले अर्धा अर्धा तास बोलत.

त्या वर्षी डिसेंबरात जयसिंग एक जाड लिफाफा घेऊन आले आणि तो त्यांच्या टेबलावर ठेवला.

"लीजिए, आपके मुल्क का काम आया है. महाराष्ट्र. कोई अंबुर्णी है. साढ़े तीन लाख की आबादी. सिटी मैनेजर चाहिए, तीन साल के ठेके पर. मराठी आना ज़रूरी. टेंडर मिला ही इसलिए कि मैंने लिखा था, हमारे यहाँ मराठी वाला आदमी बैठा है."

सुधीररावांनी लिफाफा उघडला नाही. अंबुर्णी हे त्यांचं गाव होतं. खानदेशात, सोनाई नदीच्या काठी. सतराव्या वर्षी ते शिकायला म्हणून तिथून निघाले. पुढे वडील गेले, भाऊ सुरतेला गेला, घर विकलं. आईच्या वर्षश्राद्धानंतर तिकडे जायचं कारणच उरलं नाही. कारण नसताना जायला रजा मिळत नाही, असं ते स्वतःला सांगत राहिले आणि तशी अठ्ठावीस वर्षं गेली.

जाहिरातीत वयाची अट अठ्ठावन्न होती. सुधीरराव सत्तावन्न पुरे होते. पालिकेच्या कामाचा पंधरा वर्षांचा अनुभव हवा होता, त्यांच्याकडे बावीस वर्षांचा होता. ते ती जाहिरात रोज एकदा वाचत. कचेरीतल्या माणसानं अर्ज करू नये असा नियम नव्हता, कारण तसं कुणाच्या मनात कधी आलंच नव्हतं.

लखनौच्याच महानगर भागातल्या घरी त्यांनी ही गोष्ट बायकोला सांगितली. चंद्रप्रभाबाई लखनौतल्याच मानक नगरच्या. वडील रेल्वेच्या संशोधन संस्थेत, जन्म तिथल्याच क्वार्टरमधला. महाराष्ट्र त्यांना लग्नकार्यापुरता ठाऊक.

"तुम्ही मॅनेजर होऊन जाणार, आणि मी तिथे काय करू? सब्जीवाल्याशीसुद्धा मला धड मराठीत बोलता येत नाही."

"येईल की. घरी बोलतेसच."

"घरी तुम्ही समजून घेता." त्या मटार सोलत होत्या. "आणि उन्हाळा? तिकडे सत्तेचाळीस डिग्री होतं म्हणे."

"इथे काय बर्फ पडतो?"

मुलगी नेत्रा शाळेतून येऊन चप्पल काढत होती. तिनं दारातूनच विचारलं, "पापा, आप सच में जाओगे? सच्ची?"

"अर्ज तर करू दे. कोण घेणार मला!"

असं म्हणताना त्यांचा आवाज इतका हलका होता, की चंद्रप्रभाबाईंनी हातातला मटार तसाच ठेवून त्यांच्याकडे बघितलं. मग त्या म्हणाल्या, "करा. पण अर्ज नीट लिहा. दुसऱ्यांचे तपासता, तसं."

अर्जासोबत प्रत्येकानं त्या शहराविषयी दोन पानांचं टिपण लिहायचं होतं. सुधीररावांचं टिपण सात पानांचं झालं. त्यांना लिहायची सवय नव्हती, पण त्या रविवारी पेन थांबेना. नदीच्या घाटाला तेरा पायऱ्या आणि तेरावी कायम पाण्याखाली, हे त्यांनी लिहिलं. कापसाच्या जिनिंगचा भोंगा झाला की आई कुकर उतरवायची, ते लिहिलं. गोल टाकीखालचा शनिवारचा बाजार, वांग्यांचे ढीग, भरताची वांगी भाजल्याचा गल्लीभर वास. घाट दुरुस्त करावा, बाजार पुन्हा टाकीखाली आणावा, भोंगा चालू करता आला तर बघावं. मराठीत इतकं सलग त्यांनी आयुष्यात लिहिलं नव्हतं. लिहून झाल्यावर ते गच्चीवर जाऊन उगाच उन्हात उभे राहिले. अंबुर्णीत कुठे घर घ्यायचं हे त्यांनी तेव्हा मनात ठरवून टाकलं. घाटाच्या वरच्या अंगाला, जिथून पाणी दिसतं.

सोमवारी त्यांनी ते बाजारात टाइप करून घेतलं आणि स्वतःच्या नावावर काळी पट्टी चिकटवली. अडतीस अर्ज आले होते. त्यांच्या अर्जावर लाल पेनानं सतरा पडला.

आठवड्याभरानं जयसिंगांचं वाचून झालं. ते चहा घेऊन सुधीररावांच्या टेबलाशी आले. त्यांना मराठी वाचता येत होतं, अर्धंमुर्धं, हिंदीच्या आधारानं.

"भिरूडजी, यह सत्रह नंबर देखा आपने?"

"अभी नहीं."

"देखिए ज़रूर. दो पन्ने माँगे थे, सात लिखे हैं. अर्ज़ी थोड़े ही है साहब, चिट्ठी है. घर की चिट्ठी! बैंगन का भरता, अम्मा का कुकर..." जयसिंग हसले, पण वाईट हसणं नव्हतं ते. "पढ़कर मुझे अपना सीतापुर याद आ गया, कसम से. पर काम? काम एक लाइन का नहीं. मैंने अठारह दिए हैं."

सुधीररावांनी मान हलवली. त्यांच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. जयसिंग गेल्यावर त्यांनी हिशेब केला. अठरात बेचाळीस मिळवले की साठ, आणि साठाचे निम्मे तीस. आपण बेचाळीस दिले की झालं. चौदा वर्षांत बेचाळीस त्यांनी दोनदा दिले होते. तिसऱ्यांदा दिले तर कुणी विचारणार नव्हतं.

मार्कांचा तक्ता समोर होता. पण आधी फोन करायचा, हा त्यांचा नेम. अंबुर्णीला फोन करायचं मात्र ते दहा दिवस टाळत होते. नकाशात पालिका सापडायलाच वेळ लागला, ती आता जुन्या जागी नव्हती. समोर 'प्रसन्न टी सेंटर' होतं.

"हां, बोला, किती कप?"

"ऑर्डर नाही हो. मी लखनौहून बोलतोय."

"लखनौला डिलिव्हरी नाही देत भाऊ आपण." मागे कुणीतरी हसलं.

सुधीररावही हसले. अंबुर्णीचा हेल तसाच होता, शेवटचा शब्द जरा ओढून धरायचा. तो ऐकायला मिळावा म्हणून ते मुद्दाम हळू बोलले. "तुमच्याकडे नवीन सिटी मॅनेजर यायचाय. कसा माणूस पाहिजे, तेवढं विचारायचं होतं."

"मला विचारता? मी चहा विकतो."

"म्हणूनच."

गॅस बारीक केल्याचा आवाज आला. "मग ऐका. मागचे साहेब चांगले होते, वाईट नव्हते. पैसे खाल्ले नाहीत. पण ते इथलेच, जुन्या गावातले. आले ते पहिले घाटावर. दोन वर्षं घाटच केला. फरशी, दिवे, बाकडे. लई भारी झालाय, लोक फोटो काढतात. पण भाऊ, अर्धं गाव बायपासच्या पलीकडं राहतं. तिकडं गटार नाही. माझी पोरगी पावसाळ्यात चपला हातात घेऊन शाळेत जाते. साहेबांना सांगायला गेलो, तर ते मला त्यांच्या लहानपणीचा पूर सांगत बसले."

"तुम्ही कुठे राहता?"

"समर्थ नगर, फेज दोन."

"ते कुठे आलं?"

"जिनिंगच्या मागं."

"जिनिंगच्या मागे तर नुसती शेतं आहेत."

मग चहावाला जरा मऊ आवाजात म्हणाला, "कधी आला होता तुम्ही?"

"झाली बरीच वर्षं."

"जिनिंग पडली भाऊ. तिथं मॉल आहे. या एकदा. चहा पाजतो."

फोन ठेवल्यावर सुधीररावांनी सतरा नंबरचा अर्ज पुढ्यात ओढला. पट्टीखाली नाव आहे हे विसरून तो वाचायचा, असं त्यांनी ठरवलं. पहिली दोन पानं तसं जमलं नाही. तेराव्या पायरीपाशी त्यांना पाण्याचा गारवा पायाला लागल्यासारखं झालं, आणि बेचाळीस हा आकडा त्यांनी पेन्सिलनं तक्त्याच्या कडेला बारीक लिहून बघितला. तिसऱ्या पानापासून मात्र ते वाचू शकले. सात पानांत बायपास नव्हता. गटार नव्हतं. समर्थ नगर नव्हतं, फेज एकही नाही आणि दोनही नाही. बावीस वर्षं ज्यानं दुसऱ्यांच्या गावात नळ पोचवले, त्यानं स्वतःच्या गावात एकही नळ लिहिला नव्हता. साडेतीन लाखांच्या शहरात त्याला सत्तर-ऐंशी माणसं दिसत होती, आणि त्यांतली बहुतेक आता नव्हती.

त्यांनी पेन्सिलचा आकडा खोडला आणि पेनानं सोळा लिहिले.

तक्ता बघून जयसिंग चाट पडले. "आपने तो मुझसे भी दो कम दिए! मैंने सोचा था, अपने मुल्क वाले को आप बचा लेंगे."

मग नेहमीप्रमाणे नोंदीसाठी पट्ट्या काढायची वेळ आली. सुधीरराव पट्टी काढत, जयसिंग नाव वाचत आणि वहीत लिहीत. सतराव्या अर्जाची पट्टी निघाली. जयसिंगांनी नाव वाचलं नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"यार भिरूडजी," ते म्हणाले, "बता देते. इंटरव्यू वालों में डाल देते. कौन पूछने आता?"

"इसीलिए नहीं बताया."

"और मैं पगला, आपके मुँह पर भरता-कुकर..." त्यांनी कपाळाला हात लावला. "सच में जाने वाले थे?"

"सोचा था."

"यहाँ क्या कमी है? बोलिए."

कमी काहीच नव्हती, हे खरं होतं. त्यांनी अठरा नंबरच्या पट्टीला हात घातला.

घरी चंद्रप्रभाबाईंनी चेहरा बघूनच ओळखलं. "कुणी नाही म्हटलं? त्या जयसिंगांनी?"

"मीच."

आपल्याला सुटल्यासारखं वाटतंय हे चंद्रप्रभाबाईंना लपवायचं होतं, म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या. त्या रात्री भाजीत तिखट दुप्पट पडलं, आणि तिघांनीही ती मुकाट खाल्ली.

फेब्रुवारीत अंबुर्णीच्या मंडळींनी मुलाखती घेतल्या आणि देवयानी साखरे नावाच्या बाईंना निवडलं. चाळिशी उलटलेल्या, नांदेडकडच्या, दोन लहान शहरांत सांडपाण्याचं काम केलेल्या. त्यांचं टिपण बरोबर दोन पानांचं होतं. पहिलं वाक्य होतं, 'मी हे शहर पाहिलेलं नाही.' सुधीररावांनी त्यांना चव्वेचाळीस दिले होते.

निवड कळवायचं काम त्यांच्याकडेच होतं. देवयानीबाई फोनवर इतक्या आनंदल्या, की आधी दोन मिनिटं नुसतं 'थँक यू सर' चाललं होतं. मग एकेक व्यावहारिक प्रश्न सुरू झाले. रुजू कधी व्हायचं, कागद कुठले, मुलाच्या शाळेचं काय. शेवटी त्यांनी विचारलं, "सर, तुम्हाला माहिती आहे का हो ते शहर? घर कुठे बघू?"

सुधीररावांच्या ओठांवर घाट आला होता. वरचं अंग, जिथून पाणी दिसतं. सकाळी तिथे वारा असतो. निदान असायचा.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "बायपासच्या पलीकडे बघा. समर्थ नगर म्हणून आहे. तिकडे राहिलात तर काम लवकर कळेल."

"समर्थ नगर," त्या लिहून घेत होत्या. "चालेल सर. अजून काही?"

खिडकीखाली मिठाईवाल्याचं गिऱ्हाईक हुज्जत घालत होतं.

"घर मिळालं की पत्ता कळवाल का?"

"कळवते ना. ऑफिसच्या रेकॉर्डला लागतो का?"

"नाही," सुधीरराव म्हणाले. "माझ्याकडे असू दे."

त्यांना ते काहीसं विचित्र वाटलं असावं, पण हो म्हणाल्या. आठ-दहा दिवसांनी मेसेज आला. घर नंबर, गल्ली, फेज दोन, पिन कोड. पिन कोड जुनाच होता. सुधीररावांनी तो पत्ता खिशातल्या डायरीत स्वच्छ अक्षरात उतरवून घेतला आणि पुढचा लिफाफा उघडला. तो बिहारमधल्या एका शहराचा होता.