भोक पाडलेलं धुपाटणं

आमच्या ह्यांना बहरीनमध्ये नोकरी होती इंजिनिअरची, पण पिंड गाइडचा. भारतातून कुणीही पाहुणा आला की सुट्टीच्या शुक्रवारी सकाळी त्याला गाडीत घालून बेट दाखवायला न्यायचं, हा आमच्याकडचा कुळाचारच होता. पाहुण्यांचा सगळा जीव सोन्याच्या बाजारात अडकलेला. पण आधी किल्ला, मग हजारो वर्षांपूर्वीच्या थडग्यांच्या टेकड्या, मग हातमागावरचे विणकर आणि शेवटी 'आली' नावाच्या गावातले कुंभार, हा क्रम हे कधी बदलू देत नसत. माझे मामा एकदा भर उन्हात म्हणाले, "जावईबापू, इतक्या लांब काय थडगी बघायला आणलंत?" मी मागच्या सीटवर बटाट्याच्या भाजीची सँडविचेस सांभाळत बसलेली. किल्ला मला घरासारखा पाठ झाला होता, आणि त्याचा कंटाळाही घरासारखाच यायचा.

कुंभारांचा मात्र कधी आला नाही. लग्नानंतर पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा फळीवर मातीचं काहीतरी दिसलं. चौकोनी, उंच पायाचं, चारी कोपऱ्यांना टोकं काढलेलं. मी मोठ्यानं म्हणाले, "अहो, इथे तुळशीवृंदावन!" ते ऊद जाळायचं धुपाटणं होतं. म्हातारा कुंभार कामापुरतं हिंदी बोलायचा. मी त्याला म्हटलं, हेच जरा मोठं करून द्या आणि बुडाला एक भोक ठेवा. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे, आणि अगदी समजुतीनं म्हणाला, "मॅडम, आग नीचे गिरेगा." मी हातवारे करून माती, झाड, पाणी सगळं सांगितलं. धुपाटण्यात झाड लावणारी बाई त्यानं जन्मात बघितली नसावी. तरी पुढच्या शुक्रवारी त्यानं ते तयार ठेवलं. मी सवयीनं बोटाच्या पेरानं वाजवून बघितलं, तेव्हा मात्र तो हसला. नंतर आमच्या बिल्डिंगमधल्या तीन-चार जणींनीही त्याच्याकडून तसंच करून घेतलं.

आखातात नोकरी संपली की मुक्कामही संपतो. आमची उमेदीची सगळी वर्षं तिथे गेली, लेक तिथेच जन्मली. पण हे रिटायर झाले, व्हिसा संपला, आणि आम्ही चंबूगबाळं आवरून लेकीकडे अमेरिकेत, ईडन प्रेरीला आलो. विमानात वृंदावन माझ्या पायांशी, शालीत गुंडाळलेलं. "तेल गेलं, तूप गेलं, हाती आलं धुपाटणं," हे म्हणाले. हसत म्हणाले, पण ते हसणं तेवढ्यापुरतंच होतं. इथे आल्यापासून बहरीनचा विषय निघाला की त्यांचं एकच पालुपद, "इतकी वर्षं राहिलो, पण तिथे आपली म्हणावी अशी एक खूण नाही." एकदा जाऊन या म्हटलं की चिडायचे. जिथे संसार केला तिथे टुरिस्ट म्हणून जाणार नाही, म्हणायचे.

त्यात पहिल्याच हिवाळ्यात मी तुळस तेवढी घरात घेतली आणि वृंदावन डेकवर राहू दिलं. आखाती ऊन पचवलेल्या मातीला थंडी काय करणार, असं मला वाटलं. त्यातलं पाणी गोठलं. बर्फ वितळल्यावर बघते तर वृंदावन उभं चिरलेलं. तेव्हापासून आमची तुळस दह्याच्या प्लास्टिकच्या डब्यात. त्या डब्यासमोर मंगलाष्टकं म्हणून तुळशीचं लग्न लावताना मला दर वर्षी रडू यायचं.

गेल्या ऑक्टोबरात लेकीचं ऑफिसच्या कामासाठी बहरीनला जायचं निघालं. "बाबा, दोन दिवस फ्री आहेत. काय काय बघू?" असं तिनं विचारलं मात्र, ह्यांची दहा वर्षं कमी झाली. मी म्हटलं, मला बाकी काही नको, वृंदावन आण.

ती आलीला निघाली तेव्हा तिथे दुपार आणि आमच्याकडे सकाळचा चहा. फोन टेबलावर साखरेच्या डब्याला टेकवून हे रस्ता सांगत होते.

"आता उजवीकडे खजुराची बाग लागेल."

"बाबा, इथे फ्लायओव्हर आहे."

"मग पेट्रोल पंप?"

"कॉफी शॉप आहे. बाबा, मी जीपीएस लावलाय, डोन्ट वरी."

ह्यांनी कप बाजूला सारला. मला वाटलं, हा फोन आत्ताच बंद पडावा.

ती पोचली. चाकावर तिशीतला एक माणूस होता. मी इकडून विचारलं, "दादाजी किधर हैं?" त्यानं छातीवर हात ठेवला. ते गेले होते आणि हा त्यांचा नातू. तेवढ्यात लेक म्हणाली, "आई, हे बघ, तुला हवं तस्संच आहे." फळीवर ओळीनं सात-आठ वृंदावनं. तिनं एक उलटं केलं, तर बुडाला भोक.

"भैया, ये होल क्यों है?" तिनं मुद्दाम विचारलं.

"मालूम नहीं, मॅडम. बहुत पुराना डिझाईन है. दादा, दादा का दादा, सब ऐसाच बनाता था. असली बहरीनी. टुरिस्ट लोग बहुत लेता है."

लेकीला हसू आवरेना. "नो नो, ॲक्च्युअली मेरी मम्मी ने..."

पाहुण्यांचं किल्ल्याबद्दलचं एक वाक्यही दुरुस्त केल्याशिवाय न सोडणारा माझा नवरा घाईघाईनं फोनवर वाकला. "राहू दे. सांगू नकोस त्याला काही." त्यांचा आवाज ओला झाला होता. माझेही डोळे भरून आले. मी कसंबसं म्हटलं, "वाजवून घे गं." तिनं वाजवलं, आणि तो खणखणीत आवाज आमच्या टेबलापर्यंत आला.

त्या वर्षी तुळशीचं लग्न वृंदावनात लागलं. आता हिवाळाभर ते घरातच, काचेच्या दाराशी असतं. कुणी आलं की हे चहाच्या आधी त्याला तिथे घेऊन जातात, नीट उभं करतात आणि सांगतात, "असली बहरीनी. फार पुरातन डिझाईन आहे."