घरातले सगळे जेवल्यावर

संस्थानच्या फौजेबरोबर आमचे एक पूर्वज दक्षिणेतून इंदूरला आले, तेव्हा त्यांनी तलवार आणली आणि त्यांच्या बायकोने पदराच्या गाठीला वालाचं बी. तलवार थोरल्या दिरांकडे गेली, ती त्यांच्या दिवाणखान्यात धूळ खात लटकली आहे. वाल माझ्याकडे आला. स्नेहलतागंजमधल्या आमच्या गच्चीवर फुटक्या बादलीत दरवर्षी तो वेल चढतो, जांभळ्या कडेच्या शेंगांचा. बाजारात असली वालपापडी मिळत नाही.

बी हाती देताना सासूबाईंनी बजावलं होतं, पहिल्या तोडीची भाजी घरातले सगळे एका पंगतीला जेवले की मगच वेलावर बियाण्याच्या शेंगा राखायच्या. एकजण जरी राहिला तरी त्या वर्षी बी धरायचं नाही. का, ते मी विचारलं नाही. त्यांना उलट विचारायची कुणाची छाती नव्हती. तेव्हा घर भरलेलं होतं, त्यामुळे अडलंही नाही.

यजमान गेले आणि त्यानंतरच्या या पहिल्या हिवाळ्यात मेला वेल नुसता लगडला. जुनं बी संपलं होतं, यंदा राखलं नाही तर वाल संपणार. मुलगा बेंगळुरूहून येतो म्हणाला, म्हणून मी तोड थांबवून ठेवली. शेंगा जून व्हायला लागल्या. शेवटी तो येणार त्या सकाळी तोडल्या, ओवा-लसणाची फोडणी दिली, दोन ताटं घेतली. तेवढ्यात त्याचा फोन आला. सुट्टी कॅन्सल झाली होती. व्हिडिओवर सोबत जेवू म्हणाला. मी फोन डब्याला टेकवून त्याच्यापुढे ताट ठेवलं. दोन घास झाले नाहीत तोच त्याला ऑफिसचा कॉल आला.

"आई, तू खा ना आरामात. मी घरी गेलो की करतो फोन."

घरी म्हणजे तिकडच्या त्याच्या फ्लॅटवर. तो सहज बोलला, त्यात त्याचं काही चुकलं नाही. मी मात्र हातातला घास ताटात परत ठेवला. शेजारच्या मालवी बाईंना हाक मारली असती तर त्या धावत आल्या असत्या, पण मला त्या वेळी कुणीच नको होतं. इतकं एकटं मला यजमान गेले त्या दिवशीही वाटलं नव्हतं, तेव्हा निदान माणसं होती.

दुसरं ताट झाकून ठेवलं. माझ्या ताटातली भाजी शेवटपर्यंत खाल्ली, हात धुतले आणि गच्चीवर गेले. वेलाच्या बुडाशी चांगल्या टपोऱ्या शेंगा राहिल्या होत्या. बियाण्याच्या म्हणून त्यांना एकेक करून लाल दोरा बांधला.

"जेवले, सासूबाई," मी मोठ्याने म्हटलं. "घरातले सगळे जेवले."